अणुवीज आणि ज्ञानू गुरवाचा कौल

आमच्या गावात अणुवीज केंद्र झालं नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. का झालं नाही ते मुंबई-दिल्लीला माहीत. सर्वेवाले दोन वर्षं शाळेच्या पटांगणात तंबू ठोकून राहिले, नदीचं पाणी, शेतातली माती, म्हशीचं दूध, पाण्यातले मासे असं सगळं बाटल्यांत भरून नेत राहिले आणि एक दिवस तंबू गुंडाळून गेले. जाताना एक रिकामं पिंप तेवढं शाळेमागं टाकून गेले. ते अजून तिथंच गंजतंय. मला सांगायचंय ते ज्ञानू गुरवाचं.

मी सिकंदर मुल्लाणी. गडहिंग्लजहून एस.टी.नं अर्ध्या तासावर आमचं नदीकाठचं गाव, तिथं रवळनाथाच्या देवळासमोर माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोपटं आणि हवा भरायचा एक पंप. पण बसल्या जागेवरून देवळाचं दार दिसतं, त्यामुळं ज्ञानू दिवसभर माझ्या डोळ्यासमोर असतो. आम्ही एका वर्गातले. चौथीत मी नापास झालो, पाचवीत तो झाला, म्हणून परत एकाच बाकावर आलो. पुढं त्यानं बापाच्या मागं देवळाची पूजा धरली आणि मी पाना-पकड धरली.

पूजेपेक्षा गावाला त्याची गरज असायची ती कौलासाठी. आमच्याकडं लग्न जुळवायचं असो, विहीर खणायची असो की भावाभावांत वाटणी करायची असो, माणसं रवळनाथाला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला प्रश्न सांगतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल मिळाला की विषय संपला. तालुक्याच्या कोर्टाचा निकाल आमच्या गावानं अनेकदा मोडलाय, पण कौल मोडलेला मी पाहिला नाही.

ज्ञानू तरुणपणी भलता बोलका होता. गाऱ्हाणं घालतानाही मधेच एखाद्याची टोपी उडवायचा. "देवा, ह्यो बाळासो लगीन करीन म्हंतोय, आता तूच त्या पोरीचं बघ," असं भर देवळात म्हणायचा आणि माणसं पोट धरून हसायची. हे सगळं १९७८ च्या माघापर्यंत.

त्या माघात त्याची एकुलती एक मुलगी चिमणा घटसर्पानं आजारी पडली. सात वर्षांची पोर. घसा सुजला, पाणी गिळवेना. गावातल्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरजेला न्या. बाळाबाईनं, म्हणजे ज्ञानूच्या बायकोनं, लुगड्याचं गाठोडं बांधलं सुद्धा. पण गुरवाच्या घरातलं माणूस देवाला न विचारता गावाबाहेर उपचाराला कसं जाणार? ज्ञानूनं कौल लावला. मिरजेला न्यावी का, एवढंच विचारलं. डावी पाकळी पडली, आणि फार वेळ न लावता पडली. बाळाबाईनं गाठोडं सोडलं. दोन दिवसांनी पोर गेली.

त्यानंतर ज्ञानू दुःखी झाला म्हणावं तर त्याला रडताना कुणी पाहिलं नाही. सुतक फिटल्यावर पूजा चुकली नाही, कौल चुकला नाही. नुसता आतून बंद झाला. मी एकदा मुद्दाम त्याला बिनसाखरेचा चहा दिला, तो त्यानं पिऊन कप विसळून ठेवला. मी विचारलं, "कसा झालाय?" तो म्हणाला, "चांगला हाय की." मला त्याचा असा राग आला की दिवसभर मी त्याच्याशी बोललो नाही, आणि ते सुद्धा त्याला कळलं नाही.

बाळाबाईचं वेगळं होतं. ती रडली, वर्षभर रडली, पण सावरली. तिच्या बोलण्यात एक वाक्य कायम असायचं. "रवळनाथानंच मागून घेतली. आमी न्हेनार हुतो, त्यानं न्हाई म्हटलं. देवाफुडं आपलं काय चालतंय?" विहिरीवर, दळणाच्या रांगेत, माझ्या दुकानापाशी, कुठंही. त्या एका वाक्यावर ती बाई उभी होती. सकाळी उठत होती, सडा घालत होती, दुसऱ्यांच्या लेकरांच्या बारशाला जाऊन पाळणा म्हणत होती.

अशी सहा-सात वर्षं गेली आणि सर्वेवाले आले.

त्यांचे साहेब पुण्याचे. माणूस चांगला, हे मी मान्य करतो, कारण मला साहेब लोक सहसा आवडत नाहीत. दोन वर्षं बाटल्या भरून झाल्यावर त्यांनी चावडीवर सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं. केंद्र लहान, तारापूरपेक्षा पुष्कळ लहान. धूर नाही, राख नाही. नाहीतर वीज करायची तर कोळसा लागतो, तो विदर्भातून रेल्वेनं आणायचा आणि त्याचा काळा धूर कुणाच्या तरी छातीत जायचा. किंवा धरण बांधायचं, म्हणजे वरच्या अंगाची गावं पाण्याखाली. अणूचं तसं नाही, जमीन थोडी जाईल, गाव बुडणार नाही. मोटारींना दिवसा वीज मिळेल.

सरपंच हंबीरराव खुशीत मिशा पिळायला लागला. त्याची बागायत वरच्या अंगाला. त्याचा ऊस दरवर्षी विजेवाचून वाळायचा आणि रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जाऊन त्याचा एक गडी साप चावून मेला होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग नदीकाठचा आकाराम उठला. "सायेब, आता वंगाळ बी सांगा की. निसतं ग्वाड सांगू नगा."

साहेबांनी तेही सांगितलं, लपवलं नाही. केंद्र थंड ठेवायला नदीचं पाणी लागेल, ते परत सोडतील तेव्हा थोडं गरम असेल. उन्हाळ्यात आमची नदी गुडघाभर, त्यामुळं माशांवर आणि काठच्या गवतावर परिणाम होईल, किती ते अजून मोजतोय. केंद्राभोवती एका अंतरापर्यंत कुणाला राहता येणार नाही, म्हणजे आकारामची मळी, नदीकाठची गाळाची जमीन, गेलीच. जळून उरलेलं इंधन फार म्हणजे फार वर्षं सांभाळावं लागतं, आपल्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही. आणि अपघात?

"शून्य म्हणणार नाही," साहेब म्हणाले. "फार कमी शक्यता आहे. पण शून्य म्हणालो तर खोटं होईल."

भोपाळ होऊन दोन वर्षं झाली होती, आणि रशियातल्या केंद्राची बातमी सगळ्यांनी रेडिओवर ऐकली होती. साहेबांनी सांगितलं की निर्णय सरकार घेणार, पण गावाचा ठराव पाठवला तर त्याचं वजन पडेल. त्यांनी ठराव मागितला आणि गावाची झोप उडाली.

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणायचं तर म्हणा. एकदा खुर्च्या मोडल्या, एकदा हंबीररावचा फेटा गेला. एकाच घरात बाप उसाकडून आणि मुलगा माशाकडून. कोळशाचा धूर आपल्या गावात येत नाही, मग आपण त्याची काळजी का करायची, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, मग आपली वीज ज्यांच्या गावात धूर सोडून येते ती माणसं न्हवंत काय? दोन्ही बाजूंचं ऐकलं की दोन्ही खरं वाटायचं. मला तर रोज मत बदलावं लागायचं. शेवटी थकून गावानं ठरवलं ते ऐकून साहेबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. गाव म्हणालं, रवळनाथाला विचारू.

ज्ञानूनं फक्त एवढंच म्हटलं, "देवाला एकच सवाल घालता येतो. त्यो कंचा, तेवढं तुमी ठरवा."

आणि तिथंच खरी मारामारी सुरू झाली. हंबीरराव म्हणाला, "गावाचं भलं हुईल का, असं इच्यार." आकाराम म्हणाला, "पानी नासंल का, असं इच्यार." आता या दोन्हींचं उत्तर एकाच वेळी होकार येऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. भलं किती आणि नासणार किती, हे एका पाकळीला कसं सांगायचं? संध्याकाळपर्यंत घासाघीस होऊन एक सवाल ठरला: केंद्राला गावानं होकार द्यावा का? गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी कौल लावायचं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी ज्ञानू दुकानात येऊन बसला. मी एका मागच्या चाकाचे आरे ताणत होतो.

"सिकंदर," तो म्हणाला, "देवाच्या डाव्या अंगाला झरोका हाय, तुला ठावं हाय न्हवं?"

"हाय की. वाऱ्याला चांगला हाय."

"त्यो वारा डाव्या पाकळीवर येतोय. ती आधी वाळती. म्हणून माझा बाप कौल लावताना झरोक्याला पोतं बांधायचा. मला बी तसंच शिकीवलंतं. चिमीच्या येळला मी पोतं बांधायचं इसरलो."

मी हातातला पाना खाली ठेवला. तो भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता. डोळे कोरडे, आवाज तसाच.

"कवा कळलं तुला?"

"सुतक फिटलं त्या दिशी. पोरीला माती दिल्यावर पयल्यांदा पूजंला गेलो, तवा पोतं खुंटीला दिसलं." मग म्हणाला, "पोर गेली तवापास्नं मला काय वाटंनाच झालंय. कौल लावतो, पोतं बांधतो, लोकास्नी प्रसाद देतो. सवयीनं हात चालत्यात. पर उद्याचं लई मोठं हाय रं. सायेब दोन वर्षं मोजतोय, त्याला अजून उत्तर घावलं न्हाई. आन मी दोन पाकळ्या लावून गावाच्या लेकराबाळांचं ठरवायचं?"

"मग सांग की लावत न्हाई म्हणून."

"का म्हणून इच्यारतील. का ते सांगितलं की बाळाबाईला कळंल."

मला सगळं समजलं. कौलावर विसंबायचं नाही असं त्यानं एकदा म्हटलं, की बाळाबाईचं ते एक वाक्य गेलं. मग देवानं मागून घेतली नाही, नवऱ्यानं विसरून घालवली. इतकी वर्षं हा माणूस तिच्यासाठी गप्प होता. बाहेरून दगड दिसायचा, आणि मी खुळा त्याला बिनसाखरेचा चहा पाजून परीक्षा बघत होतो.

"नको सांगू," मी म्हणालो. "पोतं बांध, कौल लाव आन मोकळा हो. गावाचं गाव बघंल. सरकार काय तुझ्या पाकळीवर केंद्र बांधायचं न्हाई." मला खरंच तसं वाटत होतं. मला त्या वेळी गावापेक्षा बाळाबाईची झोप महत्त्वाची वाटली. आजही कोणी विचारलं तर तेच सांगीन, मग मला कुणी काहीही म्हणो.

"व्हय, तसंच करतो," तो म्हणाला आणि उठून गेला.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आमची चार मुसलमान घरंही सभामंडपात होती. गाव सगळ्यांचं, पाणी सगळ्यांचं. साहेब एका खांबाला टेकून उभे, पायांतले मोजे काढायचे का ठेवायचे या विचारात. बायका डाव्या बाजूला, त्यांत पुढं बाळाबाई, डोक्यावर पदर घेऊन. ज्ञानूनं झरोक्याला पोतं बांधलेलं मी स्वतः पाहिलं. गाभाऱ्यात समईचा उजेड. त्यानं पाकळ्या ओल्या केल्या, दोन खांद्यांना लावल्या, गाऱ्हाणं घातलं. पूर्वीसारखी कुणाची चेष्टा नाही, काही नाही. सवाल जसा ठरला तसा सांगितला आणि बाजूला उभा राहिला.

पाकळ्या हलेनात. माणसं ताटकळली. मागं कुजबूज वाढली, कुणीतरी म्हणालं की डावी पडली तर हंबीरराव ऐकायचा नाही, कुणी म्हणालं की उजवी पडली तर आकाराम कोर्टात जाईल. तेव्हा हंबीरराव उठला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, गाव एक राहावं एवढंच होतं.

"मंडळी," तो म्हणाला, "कौल कसाबी मिळू दे, मोडायचा न्हाई. ह्यो ज्ञानू बघा. सोताची लेक मरत हुती, देवानं न्हाई म्हटलं तर मिरजेला न्हेली न्हाई. देवाचा शबूद पाळला. त्यानं पोटची पोर दिली, आपल्याला निसता ठराव द्यायचा हाय."

बायकांत बाळाबाईनं हात जोडले आणि मान हलवली. आजूबाजूच्या बायकांनी तिच्याकडं आदरानं पाहिलं.

मी ज्ञानूकडं बघत होतो. त्याचा चेहरा काही बदलला नाही. तो देवाजवळ गेला, हात वर केला आणि दोन्ही पाकळ्या स्वतःच्या बोटांनी काढल्या. आधी उजवी, मग डावी. असलं कुणी कधी केलेलं नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला.

"ऐका," ज्ञानू म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण माणसं थांबली. "चिमीच्या येळला मी झरोक्याला पोतं बांधलं न्हवतं. वारा आला, डावी वाळली, पडली. देवानं काय सांगितलं न्हवतं. डाक्टरनं सांगितलंतं, ते मी ऐकलं न्हाई. पोरीचं नाव घिऊन कुणी कौल पाळू नगा. ह्यो सायेब हितं हाय, त्याला काय इच्यारायचं ते इच्यारा, पटंल तसं हात वर करा. उद्या काय झालं तर आपुन केलं म्हणा. देवावर ढकलू नगा."

हंबीरराव उभा होता तो खाली बसला. कुणीतरी "अरं देवा" म्हणालं. साहेबांनी मान खाली घातली होती. त्यांना आमची बोली सगळी कळत नव्हती, पण तेवढं कळलं असावं.

हळूहळू माणसं उठली. इथं बसवेना म्हणून सगळे शाळेकडं निघाले, साहेबांना मधे घेऊन. थोड्या वेळानं तिकडून आवाज यायला लागले. पाणी किती गरम होणार, उरलेलं इंधन गावात ठेवणार की नेणार, मळीच्या बदल्यात जमीन कुठं देणार, असं एकेक जण विचारत होता. हंबीररावचाही आवाज होता, आकारामचाही, आणि या खेपेला दोघं एका वेळी ओरडत नव्हते. हात वर झाले तेव्हा मी तिथं नव्हतो. ठराव कुठल्या बाजूनं गेला ते नंतर कळलं, पण तो वर गेल्यावर कुठल्या तरी कपाटात पडला असणार, म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

मी देवळातच थांबलो होतो. ज्ञानूला एकटं सोडून जाववेना, आणि जवळही जाववेना. सभामंडपात धुळीचा वास आणि आम्ही तिघंच. बाळाबाई जागची हलली नव्हती. पदर डोक्यावरून खाली आलेला तिला कळला नव्हता. मला वाटलं ती आता ओरडेल, कपाळ बडवून घेईल, त्याच्या अंगावर धावून जाईल. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग तिनं मान वर करून नवऱ्याला विचारलं, अगदी साध्या आवाजात, उद्याच्या कामाचं विचारावं तसं.

"आवं, त्या दिशी मिरजंची यष्टी हुती का वो?"

ज्ञानूनं तिच्याकडं पाहिलं. "हुती," तो म्हणाला.